कानाने तळणाऱ्या वहिनी

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जलतरण तलावाच्या कॅन्टीनमध्ये वहिनी बटाट्याचे काप पुसत होत्या. ओट्यावर सुती पंचा अंथरलेला, त्यावर बोटाएवढे जाड काप एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरलेले, वर दुसरा पंचा. दोन्ही तळव्यांनी हलका दाब द्यायचा, पंचा उचलून ओल बघायची, ओल दिसली की कोरडा पंचा घ्यायचा. काचेपलीकडे मोठ्या माणसांची पहिली तुकडी पाण्यात मुकाट फेऱ्या मारत होती. ओट्याच्या टोकाला दोन एअर फ्रायर शेजारी शेजारी बसले होते. काळा सुनेचा. पांढरा सुनेच्या मैत्रिणीचा, उसना. गॅसची शेगडी जिथे इतकी वर्षं होती तिथे तिच्या पायांचे चार गोल डाग तेवढे उरले होते.

वहिनी तिथल्या कोणाच्याही सख्ख्या वहिनी नाहीत. त्यांचा नवरा या तलावाचा पंप चालवायचा, त्याला सगळे दादा म्हणायचे, त्या नात्याने या वहिनी झाल्या. दादा निवृत्त झाले तरी वहिनींचं वहिनीपण चालू राहिलं. वय साठीला टेकलेलं, बांधा आटोपशीर, आवाज गरजेपुरता, आणि चष्मा बहुतेक वेळ डोक्यावर, म्हणजे शोधायला सोपा असूनही न सापडणारा. तलावाच्या आतल्या भिंतीत सरकत्या काचेची एक खिडकी आहे. तिच्यामागे चहा मिळतो, उकडलेली अंडी मिळतात आणि फ्राइज मिळतात. चहा आणि अंडी कुठेही मिळतात. लोक येतात ते फ्राइजसाठी. पाण्यातून बाहेर पडलेल्या माणसाला जी भूक लागते ती साधी भूक नसते, आणि दहा वर्षांच्या आतल्या माणसाला तर ती टॉवेल शोधायच्याही आधी लागते.

वहिनी हे फ्राइज कानाने तळत. काप तेलात पडले की आधी गलका होतो, शाळा सुटल्यासारखा. मग आतलं पाणी जळत जातं तसा तो ओसरतो आणि एका क्षणी नुसती कुजबुज उरते. कुजबुज ऐकू आली की झारा घालायचा. वहिनी कढईकडे पाठ करून चहा गाळत असत, कोणाच्या तरी हरवलेल्या चपलेची चौकशी ऐकून घेत असत, आणि बोलणं अर्धवट टाकून नेमक्या वेळी वळत. घाणा चुकला असं फारसं घडत नसे. चुकलाच तर त्या दिवशी तलावावर पोहण्याची स्पर्धा असे आणि आरडाओरड्यात कढईचं बोलणं ऐकू येत नसे.

हे सगळं मोडलं ते छपरामुळे. पूर्वी तलावाच्या वर नुसतं आकाश होतं आणि कढईचा धूर तिकडे जायचा. मग छप्पर आलं, आणि धुराला जायला जागा राहिली नाही. कोच मॅडमना एका सकाळी उथळ बाजूच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली. त्यांनी ती मॅनेजरसाहेबांना दाखवली. साहेबांनी बोट बुडवून वास घेतला. पोहणाऱ्यांच्या डोक्याचं तेल, अंगाला चोपडलेली मलमं, यांचाही त्यात वाटा असणार, हे साहेबांनी मान्य केलं. पण डोकी बंद करता येत नव्हती, कढई बंद करता येत होती. छपराखाली उकळतं तेल नको, असा निर्णय झाला.

साहेब हा तसा सरळ माणूस. स्वतः खिडकीपाशी येऊन त्यांनी सांगितलं, "वहिनी, माझा राग तुमच्यावर नाही, तेलावर आहे." खिडकीच्या जागी पाकिटं देणारं एक यंत्र बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. बटण दाबलं की पाकीट खाली पडतं, वास नाही, धूर नाही, सुट्टी नाही. दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीचा माणूस टेप घेऊन खिडकी मोजायला आला. एकटाच होता बिचारा. टेपचं दुसरं टोक सारखं सुटत होतं. शेवटी वहिनींनीच ते धरून ठेवलं.

माप घेऊन तो माणूस गेला आणि वहिनी तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नाही. तेल काढलं आणि फ्राइज तेवढे ठेवले तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. साहेबांच्या घरी एअर फ्रायर होता. त्यातून निघालेले काप आपण खाल्ले आहेत आणि ते भिजवलेल्या पेन्सिलींसारखे लागतात, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तरी एक संधी द्यायचं कबूल केलं. शनिवारी लहान मुलांची तुकडी बाहेर पडल्यावर ते आणि कोच मॅडम येऊन चव बघणार. अटी दोन. फ्राइज कुरकुरीत हवेत, आणि पुढची तुकडी पाण्यात उतरायच्या आत खिडकीसमोरची रांग संपलेली हवी, कारण ओल्या पायांची मुलं फरशीवर ताटकळली की घसरतात. दोन्ही जमलं तर खिडकी राहील. नाही जमलं तर सोमवारी यंत्र येईल.

घरी हे ऐकून दादा म्हणाले की बरं झालं, आता जरा आराम कर. यावर वहिनींनी दिलेलं उत्तर सुनेने पुढे आपल्या कामाच्या दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं. "घरी बसून काय करू? तुमचं मी ऐकायचं आणि माझं तुम्हाला ऐकू यायचं नाही, असा संसार दिवसभर कोण करेल?"

दादांचे कान पंपांनी नेले होते. तळघरात तीन पंपांच्या मध्ये इतकी वर्षं उभं राहिल्यावर त्यांना ओरडलेलं थोडं आणि बोललेलं जवळजवळ नाहीच ऐकू येत असे. ते ओठ बघून अंदाज बांधत आणि अंदाज बहुधा स्वतःच्या सोयीचा बांधत. पंपांची तब्येत मात्र ते नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत बिनचूक ओळखत. अंगावर तळवा ठेवला की त्यांना कळे, कुठलं बेअरिंग गेलंय, कुठे हवा शिरलीय.

एअर फ्रायर सुनेला लग्नात मिळाला होता. ती दातांच्या दवाखान्यात कामाला, सकाळची घाई, त्यामुळे त्या यंत्राचं आजवरचं काम म्हणजे कालचा ब्रेड गरम करणं. तिने तो पुसून ओट्यावर ठेवला, सोबतची माहितीपुस्तिका उघडली आणि टोपली अर्धीच भरायची असं वाचून दाखवलं. वहिनींनी ते ऐकून घेतलं आणि टोपली शिगोशीग भरली. जित्याची खोड. आयुष्यभर मोठी कढई भरलेली, अर्धी टोपली त्यांना रिकामीच वाटली असती. ठरलेल्या वेळी खण ओढला तर वरचे काप काळे, मधले पांढरे आणि खालचे घामाघूम. दादांनी डोकावून बघितलं आणि म्हणाले, एका घाण्यात तीन पिढ्या निघाल्या.

दुसऱ्या खेपेला वहिनींनी दोष तेलाच्या माथी मारला. चमचाभर तेलाने काय होणार, म्हणून कोणाचं लक्ष नसताना पळीभर ओतलं. ते जाळीतून खाली गेलं, खालच्या तव्यावर तापलं, आणि थोड्याच वेळात स्वयंपाकघरात जो धूर झाला तो बघून शेजारच्या काकू बादली घेऊन आल्या. सून सासूला कधी उलट बोलत नाही. त्या दिवशीही ती फक्त एवढंच म्हणाली, "आई, याला तेल प्यायला नसतं द्यायचं. नुसतं हाताने चोळायचं, लहान मुलाला चोळतो तसं."

तिसरी खेप सगळ्यात वाईट गेली, कारण त्यात वहिनींना आपली अडचण काय आहे ते समजलं. काप आत घातले, यंत्र सुरू झालं, आणि त्या कान देऊन उभ्या राहिल्या. पंख्याचा एकच सूर. गलका नाही, ओसरणं नाही, कुजबुज तर नाहीच. आत काय चाललंय याचा पत्ता लागेना, म्हणून त्यांनी खण ओढून बघितला. मग पुन्हा ओढला. मग पुन्हा. दर वेळी आतली धग बाहेर पडत होती आणि कापांच्या अंगाला नुसती वाफ लागत होती. सुनेने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. वहिनी बसल्या, पण वैतागल्या होत्या. त्या म्हणाल्या की हे मेलं तोंडात गुळणी धरून काम करतंय, याच्याशी माझं कसं जमायचं.

तेवढ्यात दादा उठले. त्यांनी यंत्राच्या पाठीवर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि जुन्या सवयीने निदान केलं.

"पंप ठणठणीत आहे. तू जाळी तुंबवलीस."

वहिनींनी हाताच्या खुणेने म्हणजे काय ते विचारलं. दादांनी सांगितलं ते असं, की तलावाच्या पंपाच्या तोंडाशी जाळी असते. तिच्यात केस, पानं, टोपीचे तुकडे अडकले की पंप कितीही चांगला असो, पाणी फिरत नाही. इथे पाण्याच्या जागी हवा आहे. हवेला कापाकापांमधून वाट दिली नाही तर पंख्याने करायचं काय. त्यांनी टोपलीतले निम्मे काप स्वतःच्या हाताने काढून ताटात ठेवले. पुस्तिकेत हेच लिहिलं होतं, सुनेने हेच वाचलं होतं, पण वहिनींना ते पटलं जाळी म्हटल्यावर.

मग गाडी रुळावर आली. बटाटे कसले घ्यायचे हे वहिनींना कोणी शिकवायची गरज नव्हती: जुने, मातकट, कापताना सुरीला पांढरा लेप लावणारे. कापून गार पाण्यात अर्धा तास ठेवायचे, ते पाणी दुधासारखं गढूळ झालं की फेकून नवं घालायचं, हेही त्या करत होत्याच. राहत होतं ते पुसणं. कढईत ओले काप टाकले तर तेल तडतडून त्यांची खरडपट्टी काढतं आणि पाणी उडवून लावतं. हवेच्या अंगात ती ताकद नाही. तिला काप कोरडे करूनच द्यावे लागतात. घरातले सगळे पंचे दोरीवर गेले. दादांना आंघोळीनंतर दोन दिवस चादरीला अंग पुसावं लागलं.

पाचव्या की सहाव्या खेपेला सून म्हणाली, मध्ये एकदा टोपली काढून हलवा, म्हणजे काप उलटसुलट होतात. वहिनींनी टोपली काढून हलवली. थप थप असा आवाज आला, ओल्या टॉवेलने पाठ पुसल्यासारखा. टोपली परत आत गेली. काही मिनिटांनी पुन्हा हलवली, तर आवाज जरा सुटा झाला होता. तिसऱ्यांदा हलवली तेव्हा टोपलीतून खुळखुळ आला. कोरडा, मोकळा, खडे भरलेल्या डब्यासारखा.

वहिनी जागच्या जागी थांबल्या. सगळ्यांनी गप्प राहा, असं त्यांनी सांगितलं. खरं तर कोणीच काही बोलत नव्हतं. टोपली कानाशी नेऊन त्यांनी आणखी एकदा हलवली.

"बोलतंय की," त्या म्हणाल्या. "नुसतं विचारावं लागतं."

दादांनी टोपलीची मूठ हातात घेऊन ती हलवली आणि मान डोलावली. त्यांना ते हाताला लागलं होतं. सुनेने एक काप तोडून बघितला. बाहेरून कडक, आतून भुसभुशीत. तिने दुसरा तोडला, मग तिसरा, आणि मग ताट स्वतःकडे ओढून घेतलं, तेव्हा परीक्षेचा निकाल सगळ्यांना कळला.

आनंदावर पाणी टाकलं दादांनी. ते म्हणाले, हे तीन माणसांचं झालं. उरलेली तुकडी काय टॉवेल चावत बसणार? प्रश्न रास्त होता. लहान मुलांच्या तुकडीत वीस-पंचवीस जण असतात आणि ते सगळे एकदम बाहेर पडतात. कढईत एका घाण्यात सगळ्यांचं भागत असे. अर्ध्या टोपलीला पंधरा-वीस मिनिटं लागणार असतील तर शेवटच्या मुलाचे केस वाळून पुन्हा विंचरायची वेळ आली असती. सुनेने मैत्रिणीचं यंत्र मागून आणलं, तरी गणित बसेना.

ते बसवलं वहिनींनी, आणि त्यासाठी त्यांना काही नवं शिकावं लागलं नाही. कढईच्या काळातही त्या दोनदा तळत: सकाळी मंद आचेवर कच्चेपणा घालवून ठेवायचा, गिऱ्हाईक आलं की कडक तेलात दुसरा हात द्यायचा. तेच इथे करायचं. पहाटे यंत्र कमी तापमानावर ठेवून सगळे काप अर्धे शिजवून घ्यायचे, परातीत पसरून गार करायचे. मग तुकडी बाहेर यायच्या बेताला यंत्र पूर्ण तापवून सहा-सात मिनिटांत कडक करायचे. कोच मॅडम तास संपायच्या दहा मिनिटं आधी एक लांब शिट्टी देतात. त्या शिट्टीनंतर मुलांना पाण्यात खेळू देतात आणि दुसऱ्या शिट्टीला बाहेर काढतात. पहिली शिट्टी ही वहिनींची शिट्टी ठरली.

म्हणून शनिवारी सहा दहाला त्या काप पुसत होत्या. सव्वाआठपर्यंत दोन्ही यंत्रं आळीपाळीने चालली आणि तीन पराती भरल्या. काप दिसायला फिकट, हाताला मऊ, पण मोडत नव्हते. दादा साडेआठला आले, म्हणजे नेहमीप्रमाणे काही काम नसताना आले. येताना खालच्या तळघरात जाऊन नव्या पंपचालकाच्या पंपांवर हात ठेवून आले. मग खिडकीच्या आत स्टुलावर बसून कागदाचे शंकू वळू लागले. घोडामैदान जवळ आलं होतं आणि वहिनी तिसऱ्यांदा तोच ओटा पुसत होत्या.

पहिली शिट्टी झाली. वहिनींनी यंत्रं तापवली आणि दोन्ही टोपल्या आत सारल्या. दुसऱ्या शिट्टीला पाणी एकदम रिकामं झालं आणि फरशीवर पावलांची ओली गर्दी झाली. वहिनींनी काळी टोपली काढून हलवली: खुळखुळ. पांढरी काढली: अजून जरा भारी आवाज, तिला एक मिनिट आणखी. मीठ वरून, बाहेर काढल्यावर. शंकू भरले, खिडकी सरकली.

या खिडकीची एक जुनी रीत आहे. सगळ्यात लहान, सगळ्यात जास्त कुडकुडणारं पोर आधी. साहेब असोत की स्पर्धेतला विजेता असो, तो मागे. त्या दिवशी साहेब आणि कोच मॅडम बाजूला उभे होते. वहिनींनी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि पहिला शंकू दात वाजणाऱ्या एका मुलीच्या हातात दिला. रांग पुढे सरकू लागली. कपडे बदलून येणारी मुलं मागून येत होती, तोवर दुसरा घाणा होत होता, तो संपेतो तिसरा. कोणी ताटकळलं नाही. कोच मॅडम हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या. पुढच्या तुकडीतला पहिला मुलगा टोपी घालून काठावर आला तेव्हा खिडकीसमोर कोणी नव्हतं, फक्त ओल्या पावलांचे ठसे होते.

एक अट पार पडली. दुसरी साहेबांच्या बशीत होती.

त्यांच्या दोघांसाठी वहिनींनी दुसऱ्या घाण्यातले निवडक काप काढून ठेवले होते, सोनेरी, एकसारखे. आणि पाहुण्यांचं गार होऊ नये म्हणून वर स्टीलचं झाकण घातलं होतं. हात आपोआप गेला होता. कढईतल्या कापांवर त्या असंच झाकण घालत. तेलकट कापांना दहा मिनिटं तरी ते चालत असे, आणि नाही चाललं तरी तेलाच्या चवीत ते खपून जात असे. इथे झाकणाखाली कापांची स्वतःचीच वाफ कोंडली, वर जाऊन थेंब झाली आणि थेंब परत खाली पडले. साहेबांनी झाकण उचललं तेव्हा ते आतून ओलं होतं.

त्यांनी एक काप उचलला. तो मधून वाकला. साहेबांनी तो खाल्ला, चावला असं म्हणता येणार नाही. कोच मॅडमनी दुसरा घेतला आणि पाण्याकडे बघत राहिल्या. पेन्सिलींचा उल्लेख कोणी केला नाही, पण तो सगळ्यांच्या मनात होता. साहेब म्हणाले की चव चांगली आहे. मग म्हणाले की मीठही बरोबर आहे. आणि मग, आपलं कुरकुरीत असं ठरलं होतं, असं म्हणाले. आवाजात कुठे जीत नव्हती. त्यांनाही ते बोलणं जड जात होतं.

वहिनींनी बशीकडे बघितलं, मग झाकणाकडे. कढईच्या दिवसांत एवढ्यावर सगळं संपलं असतं. मऊ पडलेला काप पुन्हा तेलात टाकला की तेल पिऊन आणखी बसतो. असे काप त्या गुपचूप बाजूला सारत आणि नवा घाणा घालत. पण परातीत आता एकही काप नव्हता. सगळे पोरांच्या पोटात गेले होते. दादा स्टुलावरून सगळं बघत होते. ओठ वाचायची गरज नव्हती, वाकलेला काप त्यांना दिसला होता. त्यांनी खालच्या खाली दोन बोटांनी झाकण उचलल्यासारखी खूण केली आणि तळवा उघडा धरला. हवा.

"साहेब, बशी द्या जरा," वहिनी म्हणाल्या.

उरलेले काप त्यांनी काळ्या टोपलीत ओतले. मोजके होते, एकमेकांपासून लांब लांब पडले. यंत्र अजून तापलेलंच होतं. खण सारून त्या यंत्रापाशीच उभ्या राहिल्या. साहेब काहीतरी समजुतीचं बोलू लागले, पाकिटांच्या यंत्राचा माणूस सोमवारी सकाळी येणार असला तरी तुमचं सामान न्यायला घाई नाही वगैरे. वहिनींनी हो म्हटलं, ऐकलं मात्र नाही. तीन मिनिटं झाली. त्यांनी खण ओढला, टोपली सुटी केली, आणि खिडकीतून हात बाहेर काढून ती साहेबांच्या कानाशी नेली.

"खाऊ नका. आधी ऐका."

त्यांनी टोपली हलवली. साहेबांनी दचकून मान मागे घेतली, मग पुन्हा पुढे आणली. खुळखुळ, खुळखुळ. कोच मॅडमनीही कान पुढे केला. साहेबांनी हात घालून एक काप काढला, चटका लागल्याने या हातातून त्या हातात घेतला, आणि चावला. तो आवाज स्टुलावर बसलेल्या दादांना ऐकू आला नाही, बाकी सगळ्यांना आला.

साहेबांनी दुसरा घेतला. मग म्हणाले की हे मघाचेच का? मघाचेच. मग मघाशी काय झालं होतं? वहिनींनी झाकण उचलून त्यांना त्याची ओली बाजू दाखवली. चूक माझी, त्या म्हणाल्या, यंत्राची नाही. हात जुना आहे, त्याला अजून कळवायचं राहिलं होतं. कोच मॅडम तोवर टोपली रिकामी करत होत्या. शेवटचे दोन काप राहिले तेव्हा त्यांनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी नाही म्हटलं, आणि त्यांनी दोन्ही घेतले.

साहेबांनी तिथेच उभ्याउभ्या फोन लावला. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस पलीकडून बराच वेळ बोलत होता, खिडकीचं माप घेतलंय वगैरे. साहेबांनी सांगितलं की माप जपून ठेवा, खिडकी तूर्त रिकामी होत नाहीये. फोन खिशात घालून त्यांनी वहिनींना दोन गोष्टी सांगितल्या. एक, दोन्ही यंत्रं आणि चहाची किटली विजेच्या एकाच बोर्डवर लावू नका, मी वेगळा पॉइंट काढून देतो. दुसरी, घरच्या पेन्सिलींचं काय करता येईल?

वहिनींनी विचारलं, टोपली किती भरता? साहेबांनी हाताने शिगेचा आकार दाखवला. स्टुलावरून दादांनी तो हात बघितला आणि कोणी न विचारता निदान दिलं: "जाळी तुंबलीय."

दुपारी दादा घरी गेले ते झाकण बगलेत मारून. ते पुन्हा तलावावर आणायचं नाही, असं ठरलं आहे. उसना पांढरा फ्रायर मैत्रिणीने अजून परत मागितलेला नाही. सुनेचं म्हणणं, तिला तो आपल्याकडे आहे हेच आठवत नाही, आणि आपण होऊन आठवण करून द्यायचं कारण नाही. वहिनींना हे पटलं नाही, पण त्यांनी त्यावर वाद घातला नाही.

संध्याकाळी खिडकी बंद करण्याआधी त्यांनी उद्याचे बटाटे सोलून कापले. ते बुडवायला मोठं भांडं हवं होतं, म्हणून फडताळातून कढई काढली, घासली आणि नळाखाली धरली. ती गार पाण्याने काठोकाठ भरून, त्यात काप घालून त्यांनी ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सरकवली. उद्या रविवार, लहान मुलांच्या दोन तुकड्या आहेत. पहिली साडेआठला पाण्यात उतरते. काप सहाला पाण्याबाहेर येतील.